घटक ६ : स्थलनाम आणि भूप्रदेश – गीथोर्न (नेदरलंड्स)

६.१ उद्दिष्टे
या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस
• गीथोर्नच्या परिसराची घडण सांगता येईल.
• स्थलनाम हा भूगोलाचा भाषिक पुरावा कसा ठरतो, हे स्पष्ट करता येईल.

६.२ प्रास्ताविक
विद्यार्थिमित्रहो, मागील घटकात आपण स्थलनामांचे प्रकार पाहिले. प्रस्तुत घटकात नेदरलंड्समधील ओव्हरआयसल प्रांतातील एका गावाच्या आधारे नाव आणि भूमी यांचा संबंध तपासू.

६.३ विषय-विवेचन
६.३.१ नावाची परंपरा : डच भाषेत ‘गेइट’ म्हणजे शेळी व ‘होर्न’ म्हणजे शिंग. (डच ‘ग’चा उच्चार घर्षक असून तो आपल्या ‘ख’कडे झुकतो.) प्रारंभीच्या वसाहतकारांना जमीन खणताना रानशेळ्यांची शिंगे सापडली, ही शेळ्यांची शिंगे ११७० च्या महापुरातील होत, असे परंपरा सांगते. ही कथा ऐतिहासिक पुरावा म्हणून नव्हे, तर लोकस्मृती म्हणून वाचावी. येथील वस्ती जमीन खणण्यातून आणि पुराच्या छायेत वाढली, हे त्या स्मृतीत टिकले आहे.

६.३.२ भूमीची घडण : येथील दलदलीत वनस्पतींचे अवशेष साचून पीटचे थर तयार झाले. वाळवलेले पीट हे इंधन. ते पाण्याखालून उपसून शेजारच्या अरुंद पट्ट्यांवर पसरीत, वाळवीत आणि तुकडे करून नावेने नेत. त्यासाठी कालवे खोदले गेले. परिणामी घरे जणू बेटांवर राहिली आणि त्यांना जोडणारे दीडशेहून अधिक पूल उभे राहिले. नाव खालून जावी म्हणून ते मध्यभागी उंच आहेत. ‘पुंटर’ ही येथील पारंपरिक नाव लांब दांड्याने रेटली जाते. काठावरील बोरूने घरांची छपरे शाकारली जातात.

६.३.३ लोभाची किंमत : अधिक पीट मिळावे म्हणून खड्डे रुंद आणि पट्टे अरुंद होत गेले. असे पट्टे वाऱ्याला व लाटांना तोंड देऊ शकले नाहीत. १७७६ च्या वादळी पुरात जवळचे ब्यूलाके हे गाव नष्ट झाले. आज तेथे ‘ब्यूलाकरवाइडे’ नावाचे सरोवर आहे. ‘वाइडे’ म्हणजे विस्तीर्ण जलाशय. गाव बुडाले, नाव मात्र पाण्याला मिळाले.

६.३.४ नामातील व्यवसाय : लगतच्या ‘वेररिबन’ प्रदेशाच्या नावात ‘वेर’ म्हणजे उपसलेला पाणखड्डा आणि ‘रिब’ म्हणजे पीट वाळवण्याचा पट्टा. हा व्यवसाय संपला, तरी त्याची परिभाषा ‘वेररिबन-वीडन’ या राष्ट्रीय उद्यानाच्या नावात जिवंत आहे.

६.४ सारांश
निसर्गरम्य म्हणून पाहिले जाणारे हे जलमय दृश्य बव्हंशी मानवी श्रमांतून आणि अतिरेकातून घडले आहे. त्याची साक्ष स्थलनामे देतात. म्हणून नाव बदलताना वा विसरताना आपण एक दस्तऐवज गमावत असतो, याचे भान अभ्यासकाने ठेवावे.

६.५ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न
१. ‘ब्यूलाकरवाइडे’ या नावातून कोणता इतिहास कळतो?
२. लोकस्मृती आणि ऐतिहासिक पुरावा यांतील फरक गीथोर्नच्या नावाच्या आधारे स्पष्ट करा.
३. आपल्या तालुक्यातील जलाशय, झाड किंवा व्यवसाय यांवरून पडलेली तीन स्थलनामे नोंदवा. ती वस्तू तेथे आज आहे का, हे वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.