पाठ १४ : दोन प्रणालींमधला दुभाष्या

प्रस्तावना

परभाषेतील व्यक्तीशी व्यवहार करायचा असेल तर दोन मार्ग असतात. एक तर तिची भाषा शिकावी, नाहीतर दोन्ही भाषा जाणणारा दुभाष्या मध्ये बसवावा. संगणकाच्या जगातही असाच प्रसंग येतो. विंडोज या प्रणालीसाठी लिहिलेला व्हिडिओ गेम लिनक्स या प्रणालीवर आपोआप चालत नाही. ही अडचण दूर करण्यासाठी जगभरातील प्रोग्रामर ३० वर्षांहून अधिक काळ झटत आहेत. त्यांच्या या कामाची ओळख प्रस्तुत पाठात करून दिली आहे.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्ही :
• एका प्रणालीसाठी लिहिलेली आज्ञावली दुसऱ्या प्रणालीवर का चालत नाही, याचे कारण सांगू शकाल;
• वाइन आणि प्रोटॉन यांचे कार्य व वाटचाल यांचे वर्णन करू शकाल;
• या मार्गाचे लाभ आणि मर्यादा यांची तुलना करू शकाल;
• मराठीत रुळलेल्या संगणकविषयक शब्दांचा वापर करू शकाल.

१४.१ अडचण नेमकी कोठे आहे?

एकाच संगणकावर आज विंडोज बसवता येते आणि उद्या लिनक्स. दोन्ही वेळी प्रोसेसर तोच असतो. म्हणून खेळातील बेरीज-वजाबाकीच्या आज्ञा दोन्ही प्रणालींवर सारख्याच समजल्या जातात. अडते ते पुढे. फाइल उघडणे, पडद्यावर खिडकी दाखवणे, आवाज काढणे, कळफलकावरील कळ ओळखणे ही कामे खेळ स्वतः करत नाही. तो ती प्रणालीकडे मागतो. विंडोजसाठी लिहिलेला खेळ ही मागणी विंडोजने ठरवून दिलेल्या नावांनी व रीतीने करतो. लिनक्सकडे या सर्व सेवा आहेत, परंतु त्यांची नावे व रीती निराळ्या आहेत.

एक साधे उदाहरण पाहा. फाइलच्या इंग्रजी नावातील लहान व मोठी अक्षरे विंडोज सर्वसाधारणपणे एकच मानते. लिनक्स ती वेगळी मानते. त्यामुळे नावातील एका अक्षराच्या फरकाने समोर असलेली फाइलसुद्धा सापडत नाही.

१४.२ वाइनची जडणघडण

फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचे विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा लिहून सर्वांसाठी खुला केला. दोनच वर्षांनी, १९९३ मध्ये, बॉब ॲमस्टॅट आणि एरिक यंगडेल यांनी विंडोज ३.१ च्या आज्ञावल्या लिनक्सवर चालवण्याचा प्रकल्प हाती घेतला. त्याचे नाव ‘वाइन’. १९९४ पासून अलेक्झांडर ज्युलियार्ड हे त्याची धुरा वाहत आहेत.

‘वाइन म्हणजे एम्युलेटर नव्हे’ असा या नावाचा विस्तार सांगितला जातो. एम्युलेटर संपूर्ण दुसऱ्या यंत्राची नक्कल करतो. प्रत्येक आज्ञेचा अर्थ लावत बसल्याने त्याचा वेग मंदावतो. वाइन तसे करत नाही. खेळाच्या आज्ञा ती थेट प्रोसेसरकडे जाऊ देते. खेळाने प्रणालीकडे काही मागितले की तेवढ्यापुरती ती मध्ये येते, विंडोजच्या रीतीची मागणी लिनक्सच्या रीतीत मांडते आणि मिळालेले उत्तर पुन्हा खेळाच्या भाषेत परत देते. खेळाला अपेक्षित असलेला ‘सी’ ड्राइव्हसुद्धा लिनक्सवरील एका साध्या फोल्डरात उभा केलेला असतो.

हे काम सोपे नव्हते. विंडोजचा सोर्स कोड, म्हणजे मूळ संहिता, सर्वांसाठी खुली नाही. ती पाहून वाइन लिहिली असती तर तो कायद्याचा भंग ठरला असता. म्हणून वाइनच्या कार्यकर्त्यांनी प्रसिद्ध माहितीपत्रके अभ्यासली, लहान लहान चाचण्या लिहून त्या विंडोजवर चालवल्या, मिळालेली उत्तरे टिपून घेतली आणि तशीच उत्तरे देणारी संहिता स्वतः लिहिली. गंमत अशी की, विंडोजचे काही दोषही त्यांना जसेच्या तसे उतरवावे लागले. कारण कित्येक आज्ञावल्या त्या दोषांवरच विसंबून होत्या! अशा रीतीने वाइनची १.० ही आवृत्ती १७ जून २००८ रोजी, म्हणजे तब्बल १५ वर्षांनी, प्रसिद्ध झाली.

१४.३ दुसरी वाट आणि तिचा शेवट

दुभाष्या नेमण्याऐवजी खेळालाच लिनक्सची भाषा शिकवली तर? १९९८ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या लोकी या कंपनीने हीच वाट धरली. मूळ निर्मात्यांची अनुमती घेऊन ती त्यांचे खेळ लिनक्ससाठी नव्याने बांधू लागली. १९९९ मध्ये तिने ‘सिव्हिलायझेशन : कॉल टू पॉवर’ हा खेळ बाजारात आणला. परंतु लिनक्सवर खेळणारे ग्राहक थोडे होते आणि प्रत्येक खेळाची नव्याने बांधणी खर्चाची होती. जानेवारी २००२ मध्ये कंपनी बंद पडली. तिच्याकडे काम करणारे सॅम लँटिंगा यांनी लिहिलेले एसडीएल हे साधन मात्र मागे राहिले. ते आजही असंख्य खेळांत वापरले जाते.

पाठगत प्रश्न १४.१

(अ) रिकाम्या जागा भरा.
१. वाइन प्रकल्पाचा प्रारंभ ............ मध्ये झाला.
२. लिनक्ससाठी खेळ नव्याने बांधणारी ............ ही कंपनी २००२ मध्ये बंद पडली.
(आ) चूक की बरोबर ते लिहा.
३. वाइन प्रोसेसरच्या प्रत्येक आज्ञेची नक्कल करते.

१४.४ चित्रांचे भाषांतर

कार्यालयीन आज्ञावलीपेक्षा खेळाची मागणी कितीतरी अधिक असते. धावणारा घोडा, पडणारा पाऊस, हलणारी सावली ही सारी दृश्ये सेकंदाला साठ वेळा नव्याने रेखाटावी लागतात. विंडोजवरील बहुतेक खेळ हे काम डायरेक्ट थ्रीडी या मायक्रोसॉफ्टच्या भाषेत सांगतात.

‘स्टीम’ हे खेळांचे दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह या अमेरिकन कंपनीने फेब्रुवारी २०१३ मध्ये स्टीमची लिनक्स आवृत्ती प्रसिद्ध केली. २०१५ मध्ये लिनक्सवर चालणारी ‘स्टीम मशीन’ बाजारात आली. यंत्रे होती, पण त्यांवर चालणारे खेळ फार कमी होते. त्यामुळे तो प्रयत्न फसला.

पुढील वाट मोकळी केली ती दोन घटनांनी. २०१६ मध्ये ‘व्हल्कन’ ही चित्ररेखनाची नवी, खुली भाषा प्रसिद्ध झाली. नंतर २०१७ मध्ये फिलिप रेबोले या प्रोग्रामरने डायरेक्ट थ्रीडीचे व्हल्कनमध्ये रूपांतर करणारे ‘डीएक्सव्हीके’ लिहायला घेतले. ‘नीअर : ऑटोमॅटा’ हा आवडता खेळ लिनक्सवर खेळता यावा, ही त्यामागील प्रेरणा होती. एका खेळाच्या ओढीतून निघालेले हे साधन हजारो खेळांच्या उपयोगी पडले.

वाइन, डीएक्सव्हीके आणि इतर साधने एकत्र बांधून व्हॉल्व्हने ऑगस्ट २०१८ मध्ये ‘प्रोटॉन’ सादर केले. आरंभी तपासून मान्य केलेल्या खेळांची यादी केवळ २७ नावांची होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये हातात धरून खेळण्याचे ‘स्टीम डेक’ हे यंत्र ग्राहकांना मिळू लागले. ते लिनक्सवर चालते आणि विंडोजचे खेळ प्रोटॉनच्या साहाय्याने खेळवते.

मार्च २०२५ मध्ये आणखी एक पाऊल पडले. खेळातील अनेक कामे एकाच वेळी चालतात आणि त्यांना एकमेकांची वाट पाहावी लागते. ही वाट पाहण्याची विंडोजची रीत हुबेहूब पुरवणारा भाग लिनक्सच्या ६.१४ या आवृत्तीच्या गाभ्यातच उपलब्ध झाला. पाहुण्यासाठी यजमानानेच त्याच्या भाषेतील चार शब्द शिकावेत, तसे हे झाले.

१४.५ दुभाष्या जिथे थांबतो

तरीही सर्व खेळ चालतात असे नाही. अनेकांनी मिळून खेळायच्या स्पर्धात्मक खेळांत लबाडी पकडणारी आज्ञावली जोडलेली असते. त्यांपैकी काही आज्ञावल्या विंडोजच्या गाभ्यात शिरून पहारा ठेवतात. वाइनपाशी विंडोजचा गाभा नसल्याने हा पहारा तिथे बसतच नाही. २०२१ मध्ये ईझी अँटी-चीट व बॅटलआय या दोन पहारेकऱ्यांनी प्रोटॉनची सोय केली. मात्र ती स्वीकारायची की नाही, हे प्रत्येक खेळाच्या निर्मात्यावर सोपवले. काहींनी ती स्वीकारली, काहींनी नाकारली. लबाडांना वाट मिळेल, असे नाकारणारे निर्माते म्हणतात. स्वतःच्या पैशाने घेतलेला खेळ स्वतःच्या यंत्रावर का चालू नये, असे खेळाडू विचारतात. दोन्ही बाजूंना वजन आहे आणि हा वाद अद्याप मिटलेला नाही.

दुसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे. दुभाष्या इतका उत्तम मिळाला, तर लिनक्सची भाषा शिकण्याचे कष्ट कोण घेईल? खेळ विंडोजसाठीच लिहिले जातील आणि मायक्रोसॉफ्टने भाषा बदलली की दुभाष्यालाही तिच्यामागे धावावे लागेल. हे खरे आहे. पण लोकीचा अनुभवही विसरून चालत नाही. खेळ नाहीत म्हणून खेळाडू येत नाहीत आणि खेळाडू नाहीत म्हणून खेळ होत नाहीत, हे कोडे केवळ इच्छेने सुटले नव्हते. शिवाय वाइनची संहिता खुली आहे. उद्या एखाद्या कंपनीने हात आखडता घेतला, तरी इतरांना ते काम पुढे नेता येते.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा विनामूल्य आधार संपला. जे संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत, त्यांच्या मालकांपुढे प्रश्न उभा राहिला : चालते यंत्र टाकून द्यायचे की दुसरी प्रणाली स्वीकारायची? जुन्या आज्ञावल्या व खेळ सोबत नेता येत असतील, तर दुसरा पर्याय पुष्कळ सोपा होतो. दुभाष्याचे खरे मोल येथे कळते.

तुम्ही काय शिकलात?

• प्रोसेसर एकच असला तरी प्रणालीकडे सेवा मागण्याची रीत वेगळी असल्याने आज्ञावली चालत नाही.
• वाइन ही मागणी व उत्तर यांचे रूपांतर करते. ती यंत्राची नक्कल करत नाही.
• डीएक्सव्हीके व प्रोटॉन यांमुळे २०१८ नंतर विंडोजचे अनेक खेळ लिनक्सवर सुलभपणे चालू लागले.
• लबाडी पकडणाऱ्या आज्ञावल्या ही या मार्गातील मोठी अडचण आहे.

भाषाभ्यास

परभाषेतून आलेला शब्द मराठीत रुळला की तो मराठीचे नियम पाळतो. ‘फाइल’ स्त्रीलिंगी झाली : ती फाइल, अनेक फाइली. ‘फोल्डर’ला विभक्तीचा प्रत्यय लागला : फोल्डरात, फोल्डरातून. पाठातील असे आणखी चार शब्द शोधा व त्यांचे लिंग सांगा.

पाठान्त प्रश्न

१. वाइन आणि एम्युलेटर यांतील फरक स्पष्ट करा.
२. विंडोजची मूळ संहिता न पाहता वाइन कशी लिहिली गेली?
३. ‘उत्तम दुभाष्या मिळाला की भाषा शिकण्याची गरज उरत नाही.’ पाठाच्या आधारे या विधानाविषयी तुमचे मत आठ-दहा ओळींत लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१४.१ : १. १९९३ २. लोकी ३. चूक