बांगड्याचें वर्ष

भाद्रपद सरत आला, समुद्र निवळूं लागला, कीं मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर बांगड्याच्या थव्यांची वाट पाहिली जाते. रापण ओढून वाळूवर आणलें म्हणजे पाठीवर काळसर ठिपक्यांच्या रांगा असलेले ते चकचकीत मासे आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिले असतील. परंतु हा मासा जन्मतो केव्हां, वाढतो कसा व आपली संतति मागें ठेवितो केव्हां, याचा विचार फारच थोडे करितात.

शास्त्रज्ञ यास 'रास्ट्रेलिगर कनगुर्ता' म्हणतात; त्यांतील दुसरा शब्द तेलुगू किनाऱ्यावरील कोळ्यांच्या बोलींतून आलेला आहे. बांगड्याची अंडीं घालण्याची क्रिया पुष्कळ महिने चालते. तथापि पश्चिम किनाऱ्यावर तिचा जोर पावसाळ्याच्या आगेमागें असतो. मादीच्या गाभोळींतील सर्व अंडीं एकदम पिकत नाहींत. जशीं पिकतील तशीं तीं पाण्यांत सोडलीं जातात व तेथेंच फलित होतात. अंडें एक मिलिमीटरहूनहि लहान असून तें पाण्यावर तरंगतें. मातापिता त्याची राखण करीत नाहींत.

मग एवढ्या खवळलेल्या समुद्रांत हा जीव जन्मास येतो तो कां? याचें उत्तर अन्नांत आहे. पावसाळ्यांत केरळापासून गोव्यापर्यंतच्या किनाऱ्यालगत तळचें थंड पाणी वर येतें व आपल्याबरोबर क्षार आणतें. नद्याहि जमिनीचा कस समुद्रांत ओततात. त्यायोगें सूक्ष्म वनस्पति माजतात व त्यांवर सूक्ष्म प्राणी पोसतात. बांगड्याच्या कल्ल्यांत दाट दांत्यांची चाळणी असते. तिनें पाणी गाळून तो हें अन्न खातो. सारांश, शेतकऱ्याच्या पेरणीचा काळ तोच बांगड्याच्याहि पेरणीचा होय.

थंड देशांतील पुष्कळ माशांच्या खवल्यांवर हिंवाळ्याच्या खुणा वलयरूपानें उमटतात व त्यांवरून वय मोजतां येतें. आपल्या उष्ण समुद्रांत हीं वलयें भरंवशाचीं नसतात. म्हणून दरमहा शेंकडों मासे मोजून, कोणत्या लांबीचे मासे सर्वांत अधिक आहेत व ती लांबी महिन्यागणिक कशी पुढें सरकते, हें पाहतात. त्यावरून दिसतें कीं बांगडा पहिल्या वर्षांत झपाट्यानें वाढून जवळजवळ वीतभर होतो. पुढें वाढ मंदावते. कारण खाल्लेलें अन्न आतां केवळ अंगीं लागत नाहीं, तर गाभोळी भरण्यांतहि खर्च होतें. म्हणूनच पावसाळ्यानंतरचा चरबीदार बांगडा अंडीं पिकण्याच्या वेळीं रोडावतो.

येथेंच विचार करण्यासारखी गोष्ट आहे. जाळ्यांत येणारे बहुतेक बांगडे वर्ष-दोन वर्षांच्या आंतलेच असतात. वडाचें एक झाड शेंकडों वर्षें बीं देतें. बांगड्याच्या वांट्यास मात्र प्रजोत्पत्तीचे एकदोनच हंगाम येतात. तो साधारणतः १८ ते २० सेंटिमीटरांचा झाल्यावर प्रौढ होतो. केरळ राज्याच्या नियमानें १४ सेंटिमीटरांहून लहान बांगडा पकडतां येत नाहीं. म्हणजे नियम पाळूनहि, ज्यानें एकदांहि अंडीं घातलीं नाहींत असा मासा बाजारांत येऊं शकतो. पावसाळ्यांत यांत्रिक होड्यांना जी बंदी असते, तिचें मोल यावरून कळेल. पूर्वीं वादळामुळें होड्या शाकारल्या जात व मासा आपोआप वांचे. आतां यंत्राला वादळाचें भय उरलें नाहीं, म्हणून जें निसर्ग करी तें कायद्यास करावें लागतें.

विद्यार्थिमित्रहो, हा अभ्यास पुस्तकावरच सोडूं नका. घरीं बांगडे येतील तेव्हां पट्टीनें मुस्कटापासून शेपटीच्या टोंकापर्यंत त्यांची लांबी मोजा, पोट चिरतांना गाभोळी आहे कीं नाहीं तें पाहा व तारखेसह वहींत लिहून ठेवा. वर्षाच्या शेवटीं तुमच्याच हातच्या त्या वहींत बांगड्याचें वर्ष तुम्हांस वाचावयास मिळेल; आणि मग वाट्यांतील बोटाएवढा बांगडा पाहून तो विकत घ्यावा कीं नाहीं, हें तुम्हांस कोणी सांगावें लागणार नाहीं.