रिकाम्या जागेची करामत

वाणसामानाच्या यादीत ‘चहा मसाला’ असे लिहिले असेल, तर दुकानदाराने चहा आणि मसाला अशा दोन पुड्या बांधायच्या, की चहात घालण्याच्या मसाल्याची एकच? दुकानदार तुम्हाला विचारील. संगणक विचारीत नाही. हे पडताळून पाहण्यासाठी एक प्रयोग करू.

मॅक संगणकावर २००५ सालापासून ऑटोमेटर नावाचा प्रोग्रॅम मिळतो. त्यात तयार कृती एकाखाली एक मांडावयाच्या. वरच्या कृतीचे फळ खालच्या कृतीला मिळते. प्रथम डेस्कटॉपवर ‘सहल’ आणि ‘सहल जुनी’ असे दोन फोल्डर करा व प्रत्येकात निरनिराळ्या नावाची एकेक फाइल ठेवा. आता ऑटोमेटरमध्ये ‘आस्क फॉर फाइंडर आयटम्स’ ही कृती घ्या आणि तिच्यात फोल्डर निवडण्याची सोय करा. तिच्याखाली ‘रन शेल स्क्रिप्ट’ घ्या. शेल म्हणून बॅश निवडा. (२०१९ पासून मॅकवर झी-शेल रूढ आहे, ते आपल्या प्रयोगातली चूक पोटात घालते!) ‘पास इनपुट’पुढे ‘ॲज आर्ग्युमेंट्स’ ठेवा. म्हणजे निवडलेल्या फोल्डरचा पूर्ण पत्ता डॉलर-एक या नावाने स्क्रिप्टला मिळेल. डॉलर-एक म्हणजे डॉलरचे चिन्ह व त्याला चिकटून इंग्रजी एकचा आकडा. स्क्रिप्टमध्ये यादी दाखविणारी एल-एस ही आज्ञा लिहा, एक जागा सोडून डॉलर-एक लिहा, आणि ‘सहल जुनी’ निवडा.

काय दिसते? यादी येते ती ‘सहल’ची! शिवाय ‘जुनी’ नावाचे काही सापडत नाही, अशी तक्रारही येते. बॅशने डॉलर-एकच्या जागी पत्ता घातला, मग तो रिकाम्या जागेपाशी तोडला. पहिला तुकडा दुर्दैवाने एका खऱ्याखुऱ्या फोल्डरचाच पत्ता निघाला.

आता डॉलर-एकला दुहेरी अवतरणचिन्हांत बांधा. पत्ता अखंड राहतो आणि ‘सहल जुनी’तली फाइल दिसते. एकेरी चिन्हे मात्र चालणार नाहीत. त्यांच्या आत डॉलर-एकचा अर्थच लावला जात नाही.

यादीऐवजी ‘वजा आर’ हा पर्याय जोडलेली, फोल्डर पुसून टाकणारी आर-एम ही आज्ञा असती तर? नवी सहल गेली असती, जुनी राहिली असती. आणि आर-एमने पुसलेले कचरापेटीतही सापडत नाही.