नाव घातलेले किती, चौथी ओलांडलेले किती?

(अभ्यासपाठ)



मुलाचे नाव शाळेत घातले की आपले काम झाले, असे पुष्कळ घरांत समजतात. बाबासाहेब पटावरच्या आकड्यावर थांबत नसत. मार्च १९२७ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात शिक्षणखर्चावर बोलताना त्यांनी दाखवून दिले की, प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या शंभर मुलांपैकी अवघी अठरा चौथीपर्यंत पोहोचतात. उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षर होतात.

हाच हिशेब आता दोन देशांचा मांडून पाहू. १९५० साली बाबासाहेब बौद्ध परिषदेसाठी सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला गेले. तेथे पाच वर्षे आधीच, १९४५ मध्ये, शिक्षणमंत्री कन्नंगरा यांच्या प्रयत्नाने बालवर्गापासून विद्यापीठापर्यंत फी माफ झाली होती. लहान मुले सिंहली किंवा तमिळ या आपल्या भाषेतून शिकू लागली. आपल्या घटनेच्या ४५ व्या कलमाने चौदा वर्षांपर्यंतचे मोफत व सक्तीचे शिक्षण दहा वर्षांत देण्याचे ठरविले. १९६० ची ती मुदत टळली. शिक्षणहक्काचा कायदा लागू झाला तो १ एप्रिल २०१० ला!

परिणाम पाहा. १९४६ साली सिलोनमध्ये शंभरी सुमारे अठ्ठावन्न माणसे साक्षर होती. भारतात १९५१ साली अठराच. १९८१ साली तिकडे सत्त्याऐंशी, इकडे चव्वेचाळीस. दोन्हीकडे मोजणीचे वय थोडे वेगळे आहे, पण एवढी दरी वयाने पडत नाही. दुसरीतून शाळा सोडलेले मूल अक्षर विसरते, म्हणून साक्षरतेच्या आकड्यात शाळेची गळतीच दिसते.

पुढे भारताचेही प्राथमिक शिक्षण पुरे करण्याचे प्रमाण नव्वदीच्या पार गेले. हुरळून जाऊ नये. हे प्रमाण काढताना शेवटच्या इयत्तेत आलेल्या मुलांना त्या वयाच्या एकूण मुलांनी भागतात, आणि उशिरा आलेली थोराड मुलेही त्यात धरतात. शिवाय देशाच्या सरासरीत जिल्हा झाकला जातो. श्रीलंकेतही चहामळ्यांवरील तमिळ मजुरांची मुले कित्येक वर्षे मागेच होती; देशाचा आकडा मात्र चांगला दिसे.

आपला नंदुरबार तसाच. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साक्षर ८२ टक्के, आपल्या जिल्ह्यात ६४. राज्यात सर्वांत कमी. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात मूल घरी भिली, पावरी बोलते आणि पुस्तक मराठीत. दिवाळी झाली की बिऱ्हाडे ऊसतोडीला गुजरातेत जातात. मूलही जाते, धाकट्याला सांभाळायला. उन्हाळ्यात परत येते तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो. हजेरीपटावर नाव राहते, मूल राहत नाही. मुलगी असली तर पुढल्या वर्षी तिला पाठवायचे की नाही, याचा विचारही कोणी करीत नाही.

बिऱ्हाड हलण्यापूर्वी गुरुजींना भेटावे. हंगामी वसतिगृहाची सोय आहे का ते विचारावे. नसल्यास मूल आजीपाशी ठेवावे. जेथे जाल तेथे जवळच्या शाळेत बसविता येते. कायद्याप्रमाणे दाखल्यावाचून प्रवेश नाकारता येत नाही.

स्वाध्याय : आपल्या वस्तीत चार वर्षांपूर्वी पहिलीत बसलेल्या मुलामुलींची नावे घरोघर विचारून लिहा. त्यांतील आज पाचवीत किती, यापुढे खूण करा. मुलींची बेरीज वेगळी करा.