जुना गॅसचा ट्रॅक्टर पारखताना

अमेरिकेत १९६३ साली आलेला जॉन डीअर ४०२० ट्रॅक्टर पेट्रोल, डिझेल व प्रोपेन गॅस अशा तिन्ही प्रकारांत मिळे. असा जुना गॅसचा ट्रॅक्टर घेताना काय पाहावे?

१) टाकी : गंज, पोचे, दाबाची पाटी, सुरक्षा झडप. सांध्यांना साबणाचे पाणी लावावे; बुडबुडे म्हणजे गळती. हा वायू हवेपेक्षा जड, खाली साचतो. म्हणून तपासणी उघड्यावरच करावी.

२) बाष्पक : यात इंजिनाच्या गरम पाण्याने द्रवाचा वायू होतो. इंजिन तापूनही त्यावर बर्फ धरला, तर बहुधा पाणी फिरत नाही.

३) इंजिन : गॅसवर तेल लवकर काळे होत नाही. म्हणून स्वच्छ तेलावर भुलू नये. प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजावा.

प्रश्न : स्वयंपाकघरात गॅस गळल्यास खिडकीबरोबर दारही का उघडावे?