किनवटची पोर लंडनला गेली, तर तिथं करेल काय?

प्रश्न : आम्ही गोंड. माझी पुतणी अकरावी-बारावीला लातूरला होती, आता नांदेडला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आदिवासी मुलांना सरकार परदेशी शिकायला पाठवतं असं ऐकलं. खरं आहे का? भाऊ म्हणतो, शेत विकावं लागेल. माझी शंका वेगळीच आहे. तिथल्या लोकांना आपल्याविषयी काय ठाऊक, आणि आपली पोर त्यांच्यात मिसळणार कशी? शेजारच्या तांड्यावरचा एक हुशार मुलगाही हेच विचारतो आहे.
(एक शिक्षक, ता. किनवट, जि. नांदेड)

उत्तर : गुरुजी, भावाला आधी सांगा, शेत राहू द्या.

केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाची ‘नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप’ १९५४-५५ पासून चालू आहे. विद्यापीठाची फी, विमानाचं भाडं आणि राहण्या-खाण्याचा भत्ता सरकार देतं. भत्ता अमेरिकेत वर्षाला १५,४०० डॉलर, इंग्लंडमध्ये ९,९०० पौंड. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न सहा लाखांच्या आत हवं, वय पस्तिशीच्या आत. गोम अशी की साऱ्या देशाला मिळून जागा फक्त २०. त्यातल्या ३० टक्के मुलींसाठी आणि तीन विशेष असुरक्षित आदिवासी गटांसाठी राखीव. महाराष्ट्रात या गटात तीनच जमाती येतात : कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम. किनवट-माहूरच्या कोलाम पोडांवरचं (वस्त्यांवरचं) एखादं मूल तुमच्या वर्गात असेल, तर त्याच्या कानावर हे आजच घाला. राज्याच्या आदिवासी विकास विभागाचीही अशी योजना आहे. तिची चौकशी किनवटच्या प्रकल्प कार्यालयात करता येईल.

केंद्राची ही योजना पदव्युत्तर शिक्षणापासून पुढची आहे, म्हणजे पुतणीनं आधी बी.एस्सी. पुरी करायची. पदवी चालू असतानाच परदेशात एखादं सत्र शिकून परत यायची जी सोय मोठ्या शहरांतल्या खासगी विद्यापीठांत असते, तिच्यासाठी दोन विद्यापीठांमध्ये करार लागतो. त्याची विचारणा विष्णुपुरीला, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात करून ठेवावी. सरकारी योजनांबाहेरही वाटा आहेत. युरोपातल्या ‘इरास्मस मुंडस’ पदव्युत्तर अभ्यासक्रमांत निदान दोन देशांत शिकायला मिळतं आणि शिष्यवृत्ती महिन्याला १,४०० युरोची असते. ब्रिटनच्या ‘चेव्हनिंग’ला पदवीनंतर दोन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो. लोणार तालुक्यातल्या पिंपरी खंदारेचे राजू केंद्रे याच शिष्यवृत्तीवर लंडनला शिकून आले. त्यांची ‘एकलव्य’ संस्था घरातून पहिल्यांदाच कॉलेजात गेलेल्या मुलांना असे अर्ज भरायला शिकवते.

अर्ज भरायला शिकवावं लागतं, हे मुद्दाम लिहितो आहे. लातूर पॅटर्नमधून आलेल्या मुलीला गुण कसे मिळवायचे हे सांगावं लागत नाही. सराव परीक्षा, चार पर्यायांतला बरोबर पर्याय, चुकल्याचे गुण वजा, हे तिच्या अंगवळणी पडलेलं असतं. परदेशी विद्यापीठ मात्र पान-दीड पानाचा मजकूर मागतं : तू कोण, कुठली, हाच विषय का, तो शिकून काय करणार? इथं पर्याय दिलेले नसतात. चांगले गुण असलेली मुलं नेमकी इथं अडतात आणि नेटवरून उचललेली गुळगुळीत वाक्यं चिकटवतात. इंग्रजी कच्चं आहे म्हणून तसं होतं, असं मला वाटत नाही. आपल्या वाडीत लिहिण्याजोगं काही आहे, हे त्यांना आजवर कुणी सांगितलेलंच नसतं. तुमची दुसरी शंका तीच आहे.

तर ‘तिथल्या लोकांना आपल्याविषयी काय ठाऊक’ ते ऐका. क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ हा व्हिएन्नाचा मानववंशशास्त्रज्ञ १९३९ मध्ये हिंदुस्थानात होता. महायुद्ध पेटलं, त्याच्या खिशात जर्मन पासपोर्ट, म्हणून इंग्रजांनी त्याला निजामाच्या राज्यात स्थानबद्ध केलं. पुढच्याच वर्षी गोंडांच्या उठावाचा पुढारी कुमरम भीम जोडेघाटला मारला गेला. गोंड का उठले याचा शोध घेण्याचं काम निजाम सरकारनं याच माणसाकडे दिलं. तो आदिलाबादच्या गोंडांमध्ये राहिला, गोंडी शिकला. मारलावाईत १९४३ च्या सुमारास गोंड शिक्षक तयार करणारं केंद्र उभं राहिलं, गोंडी वाचनपुस्तकं छापली गेली. आपलं किनवट तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातच होतं. नांदेडकडे आलं ते १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत. हायमेनडॉर्फ पुढे लंडनच्या ‘सोआस’ या संस्थेत प्राध्यापक झाला. त्यानं काढलेली छायाचित्रं आणि चित्रफिती आज तिथल्या संग्रहात जपलेल्या आहेत. त्याची पत्नी बेटी १९८७ मध्ये हैदराबादला वारली, तिची समाधी मारलावाईत आहे.

याला देवाणघेवाण म्हणायचं की नाही, यावर वाद होईल. माणूस चांगला होता, पण बघणारा तो आणि बघितले जाणारे आपण, ही मांडणी काही बदलली नाही. तुमची पुतणी लंडनला गेली, तर ते फोटो ती बघेल आणि त्यांच्या खालच्या ओळी तपासू शकेल. दिवाळीच्या आधी गोंड नाचणाऱ्यांची दंडारी निघते. तिच्यातल्या गुसाडी नर्तकाच्या डोक्यावर मोरपिसांचा भरगच्च टोप, अंगाला राख, खांद्यावर हरणाचं कातडं. कुणाच्या गावी दंडारी जाते, त्या गावाशी सोयरीक कशी असते, परधान गायक किकरी या तंतुवाद्यावर कुठल्या सग्याची (कुळसमूहाची) कथा लावतो, हे फोटोत येत नाही. तिला ते घरात बसून ठाऊक आहे. त्याच मारलावाईच्या कनक राजूंना गुसाडी नाचासाठी २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. तिचा विषय वनस्पतिशास्त्र असो की रसायनशास्त्र, मोहाच्या फुलाविषयी तिच्या आजीला जे कळतं त्यावर बोलायला परदेशातल्या प्रयोगशाळेत माणसं मिळतील.

मिसळण्याची काळजी तर अजिबात नको. ऑस्ट्रेलियाचे ॲबोरिजिनल, न्यूझीलंडचे माओरी, कॅनडाचे मूळ रहिवासी यांची मुलंही अशाच शिष्यवृत्त्यांवर बाहेर पडतात. चार्ली पर्किन्स हे ऑस्ट्रेलियातल्या विद्यापीठाची पदवी मिळवणाऱ्या पहिल्या काही ॲबोरिजिनल माणसांपैकी एक. सिडनीतून ते पदवीधर झाले १९६६ मध्ये! त्यांच्या नावाच्या शिष्यवृत्तीवर आज तिकडची मुलं ऑक्सफर्ड-केंब्रिजला जातात. जमीन, जंगल, आश्रमशाळेत मागं पडलेली भाषा, या विषयांवर अशा मुलांची आणि आपल्या पोरीची गट्टी पहिल्या आठवड्यात जमेल. पुण्या-मुंबईच्या वर्गमित्रांशी जमायला कदाचित वेळ लागेल. आपल्याकडचे जयपालसिंग मुंडा तर त्याच ऑक्सफर्डला शिकले, १९२८ च्या ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकला भारताच्या हॉकी संघाचे कप्तान होते आणि पुढे संविधान सभेत आदिवासींची बाजू मांडायला उभे राहिले. झारखंडनं २०२१ मध्ये त्यांच्या नावानं परदेशी शिष्यवृत्ती सुरू केली.

आता कामाचं. पासपोर्ट आणि इंग्रजीची आयईएलटीएस परीक्षा यांच्या आधी जातवैधतेची फाईल उघडा. वैधता नसेल तर राज्याच्या योजनांची दारं उघडायची नाहीत. आपल्या भागात हे प्रकरण लांबतं, कारण १९५० पूर्वीचे पुरावे लागतात आणि निजामाच्या राजवटीतले कागद बहुधा उर्दूत असतात. आजोबांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, जमिनीचे जुने कागद, जे असेल ते काढून अधिकृत भाषांतर करून घ्या. बी.एस्सी.चं दुसरं वर्ष हा त्यासाठी नेमका वेळ आहे. निवड झाली तरी पैसे हातात पडायला उशीर होऊ शकतो. परदेशातल्या पहिल्या दोन महिन्यांचा खर्च गाठीशी ठेवावा लागतो. त्यासाठी शेत विकायला नको, पण भावाला हे आधी सांगून ठेवा.

तांड्यावरच्या मुलाचं. तो बंजारा असेल असं धरून लिहितो. आदिलाबादला दिलेल्या त्याच्या मावशीची सासरची माणसं तेलंगणात अनुसूचित जमातीत मोडतात, हा मात्र महाराष्ट्रात विमुक्त जाती (अ) मध्ये. निजामकालीन हैदराबाद गॅझेटचा दाखला देऊन अनुसूचित जमातीत घेण्याची बंजारा समाजाची मागणी जोरात चालू आहे, पण मागणी अर्जाला जोडता येत नाही. म्हणून त्यानं आदिवासी मंत्रालयाच्या अर्जावर वर्ष वाया घालवू नये. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची याच नावाची वेगळी योजना आहे. तिच्या १२५ जागांपैकी सहा विमुक्त-भटक्यांसाठी आहेत. त्या अर्जात एक मेख आहे. २०२२ पासून भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि समाजजीवन या विषयांसाठी ती शिष्यवृत्ती मिळत नाही. मुलाला तांड्याच्या गाण्यांवर किंवा बंजारांच्या गोरबोलीवर संशोधन करायचं असेल, तर त्यानं राज्याच्या इतर मागास बहुजन कल्याण विभागाच्या परदेशी शिष्यवृत्तीचे नियम मागवावेत आणि चेव्हनिंग, इरास्मसकडे पाहावं.