हृदयाला ठिगळ

विष्णुपुरीचा पंप बिघडला तर तो बंद करून खोलता येतो. छातीतल्या पंपाचे काम मात्र थांबवून चालत नाही. हार्ट अटॅकमध्ये रक्तपुरवठा तुटला की स्नायूच्या शंभर कोटीपर्यंत पेशी मरू शकतात. कातडी भरून येते तसे इथे होत नाही. हृदयाच्या स्नायूपेशी वर्षाला जेमतेम एक टक्का नव्या होतात. मेलेल्या जागी नुसता व्रण उरतो, तो आकुंचन पावत नाही. मग पायऱ्या चढताना दम लागतो, पाय सुजतात. हेच हार्ट फेल्युअर.

शेवटचा उपाय प्रत्यारोपण. मुंबईच्या केईएममध्ये डॉ. सेन यांनी १९६८ सालीच तो प्रयत्न केला होता. पेशंट काही तासच जगला. आज शस्त्रक्रिया खूप पुढे गेली, पण हृदय मिळाले तर ना! शिवाय काढलेले हृदय साधारण चार तासांत बसवावे लागते. नांदेड-लातूरहून मुंबई किती लांब, हे एस.टी.ने गेलेल्यांना सांगायला नको.

म्हणून ठिगळाची कल्पना. जपानच्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या साध्या पेशीत चार जनुके घालून तिला स्टेम सेलसारखे, म्हणजे मूलपेशीसारखे केले. पुढच्या वर्षी माणसाच्या पेशीलाही. अशा पेशीपासून हृदयाचा स्नायू बनतो आणि तो बशीत आपोआप धडधडतो. पुढचे काम आपल्या लोकांचे, इंजिनिअरचे! ओसाकात या पेशी अशा पॉलिमरवर वाढवतात, जो ३७ अंशाला त्यांना धरून ठेवतो आणि थंड केला की सोडतो. पापुद्रा न फाटता अलगद सुटतो. जानेवारी २०२० मध्ये तिथे पहिल्या पेशंटला असे पापुद्रे लावले. ते जाड करता येत नाहीत, कारण रक्तवाहिनीपासून मिलिमीटरच्या एक-दोन दशांशापलीकडे प्राणवायू पोचत नाही.

जर्मनीत गॉटिंगेनला पेशी कोलॅजेनमध्ये मिसळून, ताण देऊन स्नायू तयार करतात. ४६ वर्षांच्या एका बाईच्या हृदयावर ४० कोटी पेशींचे ठिगळ शिवले. तीन महिन्यांनी तिला दात्याचे हृदय मिळाले. जुने काढून तपासले तर ठिगळ जिवंत होते, त्यात रक्तवाहिन्याही शिरल्या होत्या. २०२५ साली हे ‘नेचर’मध्ये आले. पेशी परक्या, म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यावी लागतात. आणि ठिगळाचा ठोका मूळ हृदयाशी जुळला नाही तर ठोके बिघडून जिवावर बेतू शकते.

आपल्याकडे आयसीएमआरच्या २०१७ च्या नियमावलीप्रमाणे रक्ताचे काही विकार सोडले तर स्टेम सेल उपचार मान्य चाचणीबाहेर देता येत नाहीत. तेव्हा गावाकडे कुणी ‘हृदय नवे करून देतो’ म्हणून लाखभर रुपये मागितले, तर आधी सीटीआरआयचा नोंदणी क्रमांक विचारा. तो खरा की खोटा, हे कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये बसून फुकटात बघता येते.